लिहून पूर्ण झालेल्या कादंबरीचे पुढे काय करावे : नव्या लेखकांसाठी मार्गदर्शन

पहिली कादंबरी लिहून पूर्ण केलेल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांतला प्रत्येक जण आपलीच वाट खरी असे सांगतो. कोणी म्हणतो, नामवंत प्रकाशकाकडे पाठवा. कोणी म्हणतो, प्रकाशक नव्यांना उभे करत नाहीत, तेव्हा पदरचे पैसे घालून छापा. कोणी सांगतो, आता कागदावर कोण वाचते, सरळ मोबाइलवर टाकून मोकळे व्हा. या तिन्ही वाटांनी जाता येते, परंतु त्यांच्यातला एक फरक नवख्या लेखकाच्या लक्षात सहसा उशिरा येतो. काही वाटांवरून परत फिरता येते, काहींवरून येत नाही. प्रकाशकाने नकार कळवला तर कादंबरी होती तशीच आपल्या हाती राहते. संपूर्ण कादंबरी एकदा सार्वजनिक केली, हजार प्रती छापून घरात आणून ठेवल्या किंवा न वाचता करारावर सही केली, तर ते पाऊल मागे घेणे कठीण जाते. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम असा लावला आहे की, परतीची सोय असलेली कामे आधी यावीत आणि दार कायमचे बंद करणारी कामे शेवटी.

पहिली पायरी : कादंबरी खरोखर पूर्ण झाली आहे का, ते पाहावे

शेवटचे प्रकरण लिहून झाल्यावर हस्तलिखित निदान दोन-तीन महिने बाजूला ठेवावे आणि मग ते पडद्यावर न वाचता कागदावर छापून, हाती पेन्सिल घेऊन वाचावे. संवाद मोठ्याने वाचून पाहावेत. डोळ्यांनी खपून गेलेले कृत्रिम वाक्य कानाला लगेच खटकते. या वाचनात शुद्धलेखनाच्या चुका शोधत बसू नये. कोणते प्रकरण काढले तरी कादंबरीचे काही बिघडत नाही, कोणते पात्र केवळ माहिती सांगण्यासाठी येते, कथानक नेमके कोठे सुरू होते, एवढेच पाहावे. पहिल्या कादंबऱ्यांमध्ये वारंवार असे आढळते की, पहिली तीस-चाळीस पाने लेखकाने स्वतःला विषयात शिरता यावे म्हणून लिहिलेली असतात आणि वाचकाला त्यांची गरज नसते. ती पाने काढणे जिवावर येते, पण प्रकाशकाकडील वाचक नेमकी तीच पाने आधी वाचतो, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतर तिघांना वाचायला द्यावी. एक जण नियमित कादंबऱ्या वाचणारा असावा. दुसरा कादंबरीतले जग आतून ओळखणारा असावा, म्हणजे कादंबरी साखर कारखान्यातली असेल तर कारखान्यात काम केलेला आणि रुग्णालयातली असेल तर तेथे रात्रपाळ्या केलेला. तिसरा भाषेच्या बाबतीत काटेकोर असावा. ‘कशी वाटली?’ असे त्यांना विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘छान’ हेच येते. वाचताना कोठे थांबलात, कोणती दोन पात्रे एकमेकांत मिसळली, कोणत्या ठिकाणी विश्वास बसला नाही, असे विचारावे. तिघांनीही एकाच जागेवर बोट ठेवले तर ती जागा दुरुस्त करावी. तिघांची मते तीन दिशांना गेली तर आपल्या मनाचे ऐकावे.

बोलीचा प्रश्न मराठी कादंबरीत नेहमी येतो. पात्रे वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलत असतील तर निवेदनही बोलीत आहे की प्रमाण मराठीत, हे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे आणि एकच शब्द तीन प्रकारे लिहिला जात नाही ना, हे पाहण्यासाठी शब्दांची एक छोटी यादी करून ठेवावी. संवादातली बोली बोलीच्या उच्चाराप्रमाणे लिहिली तर कोणाची हरकत नसते. निवेदन प्रमाण मराठीत असेल तर मात्र मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले आणि राज्य शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे अठरा नियम तेथे पाळले जावेत, अशी प्रकाशकाची रास्त अपेक्षा असते.

येथे संस्करण, म्हणजे संपादकाचे काम, आणि मुद्रितशोधन यांतला फरकही ध्यानात घ्यावा. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे आणि सुटलेले शब्द पाहतो. संपादक कादंबरीची बांधणी पाहतो. मौज प्रकाशन गृहात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी पत्रव्यवहार करून, पुनर्लेखन करवून घेऊन जे केले ते संस्करण होते आणि आज तेवढा वेळ देणारी प्रकाशनसंस्था विरळा आहे. त्यामुळे पूर्वी प्रकाशकाच्या दारात होणारे पुष्कळसे काम आता लेखकाला दाराबाहेरच करून जावे लागते. हाताशी थोडे पैसे असतील तर मुखपृष्ठाच्या आधी ते जाणत्या संपादकावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी : कादंबरीकडून आपल्याला काय हवे आहे, ते लिहून काढावे

हा प्रश्न पुष्कळांना अनावश्यक वाटतो, पण पुढचे सगळे निर्णय याच्या उत्तरावर ठरतात. साहित्यवर्तुळात दखल घेतली जावी, असे वाटत असेल तर प्रकाशकाच्या नावाला महत्त्व येते. जास्तीत जास्त लोकांनी वाचावी, एवढीच इच्छा असेल तर डिजिटल माध्यम अधिक सोयीचे ठरते. आपल्या गावाची किंवा घराण्याची गोष्ट पुढच्या पिढीपर्यंत पोचावी, असा हेतू असेल तर पन्नास-साठ नेटक्या प्रती पुरेशा होतात आणि त्यासाठी कोणाच्या दारात जाण्याचे कारण उरत नाही.

पैसा हा हेतू असेल तर आधी साधा हिशेब करावा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, मानधनाचा दर छापील किमतीवर १० टक्के आणि विक्री ५०० प्रतींची धरली, तर लेखकाच्या हाती १५,००० रुपये येतात आणि तेही वर्ष-दोन वर्षांत विभागून. मराठीत एके काळी हजार-अकराशे प्रतींची पहिली आवृत्ती हा प्रघात होता. आता पाचशे किंवा त्याहून कमी प्रतींची आवृत्ती निघते आणि नव्या लेखकाची तेवढी आवृत्ती संपली तर प्रकाशक ती यशस्वी मानतो. हे आकडे नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. कोणी ‘पन्नास हजार रुपये भरा, पुस्तक गाजवून देतो’ असे म्हणाला, तर ते पैसे परत येण्यासाठी किती प्रती खपाव्या लागतील, याचा अंदाज आधीच असावा, एवढ्यासाठी सांगतो.

तिसरी पायरी : हस्तलिखित बाहेर जाण्यापूर्वी हक्कांची व्यवस्था

कादंबरी कोणी चोरील, ही भीती नव्या लेखकाला सर्वांत जास्त वाटते आणि ती बहुधा अनाठायी असते. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार लिहिताक्षणीच लेखनाचा हक्क लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तरीही पुरावा म्हणून नोंदणी करायची असल्यास केंद्र सरकारच्या प्रताधिकार कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे आणि अर्ज केल्यावर कोणाचा आक्षेप येतो का, हे पाहण्यासाठी तीस दिवस थांबावे लागते. नोंदणी केली नाही तरी प्रत्येक खर्ड्याची तारखेसह फाइल जपून ठेवावी आणि पूर्ण झालेली प्रत स्वतःलाच ईमेलने पाठवून ठेवावी.

खरी काळजी वेगळ्या दोन गोष्टींची घ्यायला हवी. कादंबरीत चित्रपटगीतांच्या ओळी, कवितांची कडवी किंवा दुसऱ्याच्या पुस्तकातले उतारे असतील तर त्यांच्या हक्कधारकांची परवानगी लागू शकते. प्रकरणाच्या माथ्यावर हौसेने घातलेल्या चार ओळी पुढे छपाई अडवून धरतात. दुसरी गोष्ट ओळखू येणाऱ्या माणसांची. पहिली कादंबरी पुष्कळदा आत्मचरित्राच्या अंगाने जाते आणि तिच्यात शेजारी, काका, मुख्याध्यापक, सरपंच नाव बदलून वावरत असतात. नाव बदलले, पण गाव, धंदा, जात आणि घटना तशीच ठेवली, तर त्या माणसाला आणि आख्ख्या गावाला तो ओळखू येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा आजही गुन्हा आहे आणि मृत व्यक्तीबद्दलचे लेखनही तिच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेले असेल तर त्यात येऊ शकते. अशा पात्राचे दोन-तीन महत्त्वाचे तपशील बदलावेत. कादंबरीचे त्यात सहसा नुकसान होत नाही, उलट त्या पात्राकडे मोकळेपणाने पाहता येते.

चौथी पायरी : कोणते दार कोणते दार बंद करते

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देते आणि त्यासाठी अप्रकाशित हस्तलिखिते मागवते. अशा योजनेचा विचार असेल तर त्या वर्षीची जाहिरात आणि तिच्यातल्या अटी वाचल्याशिवाय कादंबरी कोठेही प्रकाशित करू नये, कारण एकदा पुस्तक निघाल्यावर ते हस्तलिखित राहत नाही आणि लेखकही नवलेखक राहत नाही. अप्रकाशित लेखनासाठी असलेल्या स्पर्धांनाही हेच लागू होते. त्यांचे आयोजक बहुधा मोबाइलवरील ॲपवर क्रमशः प्रसिद्ध झालेले लेखनही प्रकाशितच मानतात.

कादंबरीतला एखादा अंश दिवाळी अंकात येणे मात्र अडथळ्याचे नसते. ती जुनी आणि सन्मानाची रीत आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेल्या या परंपरेत कथांच्या बरोबरीने लघुकादंबऱ्या आणि ‘आगामी कादंबरीतील अंश’ छापले जात आले आहेत. स्वतंत्रपणे वाचता येईल असे एक प्रकरण निवडून ते उन्हाळा संपता-संपता संपादकांकडे पाठवावे, कारण दिवाळीच्या तोंडावर अंकांची पाने केव्हाच भरलेली असतात. अंश छापून आला तर प्रकाशकाला लिहिताना त्याचा उल्लेख करता येतो आणि आला नाही तरी काही गमावलेले नसते. कादंबरी मुळातच वीसेक हजार शब्दांची असेल तर ती पुस्तक म्हणून लहान पडते. तिच्यासाठी दिवाळी अंक हेच योग्य घर असू शकते, हेही विसरू नये.

ॲमेझॉनच्या किंडल प्रकाशनसेवेवर मराठी ईपुस्तक स्वतः काढता येते. तेथे ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत नाव घातले तर त्या काळात, म्हणजे एका वेळी ९० दिवस, तेच लेखन डिजिटल रूपात अन्यत्र कोठेही ठेवता येत नाही, अगदी फुकटसुद्धा. अर्जातल्या त्या चौकटीवर पुष्कळ जण न वाचता खूण करतात आणि कादंबरी दुसऱ्या ॲपवर आधीच चढवलेली असते.

पुरस्कारांचा विचार असेल तर तारखांकडेही लक्ष द्यावे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे आणि त्यासाठी पुस्तकाचे प्रकाशनवर्ष पाहिले जाते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. ३४ वर्षांच्या लेखकाने प्रकाशकाच्या उत्तराची वाट पाहत दोन वर्षे घालवली तर ती संधी आपोआप निघून जाते. पुरस्कारासाठी कोणी कादंबरी लिहू नये हे खरे, परंतु ती डिसेंबरच्या अखेरीस छापावी की जानेवारीत, हा प्रश्न समोर आला तर उत्तर ठाऊक असलेले बरे.

पाचवी पायरी : प्रकाशकाकडे पाठवणे

लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा व्यावसायिक एजंट ही पद्धत मराठीत रुजलेली नाही. येथे लेखक स्वतःच लिहितो किंवा कोणी ओळखीचे गृहस्थ शब्द टाकतात. शब्द टाकल्याने हस्तलिखित लवकर वाचले जाते, स्वीकारले जाते असे नाही.

प्रकाशक निवडताना पुस्तकांच्या दुकानात किंवा जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन गेल्या चार-पाच वर्षांत निघालेल्या पहिल्या कादंबऱ्या पाहाव्यात आणि त्यांवर कोणाची नावे आहेत, हे टिपून घ्यावे. मौज, पॉप्युलर, राजहंस, मेहता, कॉन्टिनेन्टल, ग्रंथाली, लोकवाङ्मय गृह, रोहन, साकेत ही नावे सर्वांना ठाऊक असतात. पण अनुवादित पुस्तकांवर भर असलेल्या किंवा प्रामुख्याने वैचारिक पुस्तके काढणाऱ्या संस्थेकडे ग्रामीण कादंबरी पाठवून नकार आला, तर त्यातून कादंबरीच्या दर्जाविषयी काहीच कळत नाही. लहान शहरांतून काम करणाऱ्या आणि वर्षाला दहा-बाराच पुस्तके काढणाऱ्या संस्थांकडे नव्यांसाठी अधिक जागा असते, असा साधारण अनुभव आहे. अशा चार-पाच संस्थांची आपल्या पसंतीच्या क्रमाने यादी करावी.

पाठवताना आधी चौकशीचे पत्र पाठवावे. पत्र एका पानाचे असावे. कादंबरी कोणत्या काळातली, कोणत्या माणसांची, किती शब्दांची, हे पहिल्या परिच्छेदात यावे. लेखकाचा परिचय चार ओळींत यावा. आणि कादंबरी ‘समाजाचे डोळे उघडणारी’ आहे, असे काहीही लिहू नये. सोबत दोन-तीन पानांत संपूर्ण कथानकाचा गोषवारा द्यावा आणि त्यात शेवटही सांगावा. शेवट गुप्त ठेवून ‘पुढे काय होते ते वाचाच’ असे लिहिणारे लेखक संपादकाला वाचक समजण्याची गफलत करतात. संपादकाला बांधणी पाहायची असते. पहिली तीन प्रकरणे जोडावीत. मधली ‘चांगली’ प्रकरणे निवडून पाठवू नयेत, कारण मधलेच प्रकरण चांगले असेल तर सुरुवात अजून झालेली नाही, असा त्याचा अर्थ होतो.

फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखीच उमटणाऱ्या अक्षरसंकेतात असावी. पुष्कळ जुने लेखक आणि अक्षरजुळणी करणारे आजही श्रीलिपीसारख्या प्रणालीतले युनिकोडपूर्व टंक वापरतात. त्या मजकुराचे रूपांतर करताना ‘ऱ्य’, ‘ऑ’, रफार आणि अवतरणचिन्हे हमखास बिघडतात, म्हणून रूपांतर केल्यावर संपूर्ण मजकूर पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावा. ओळींत मोकळे अंतर, प्रत्येक पानावर पृष्ठांक आणि कादंबरीचे नाव, एवढे केले तरी पुरे; रंगीत शीर्षके आणि स्वतः काढलेले मुखपृष्ठ जोडण्याची गरज नाही.

उत्तराला तीन ते सहा महिने लागतात आणि काही ठिकाणी वर्षही जाते. तीन महिन्यांनी एक नम्र स्मरणपत्र पाठवावे. एका वेळी एकाच प्रकाशकाकडे हस्तलिखित असावे, असा जुना संकेत आहे. परंतु वर्षभर उत्तर न देणाऱ्या संस्थांशी तो पाळत बसणे लेखकावर अन्याय करणारे आहे. माझ्या मते चौकशीचे पत्र एकाच वेळी तिघा-चौघांना पाठवण्यास हरकत नाही. संपूर्ण हस्तलिखित कोणी मागवले तर त्याला ठरावीक मुदत सांगावी आणि त्या मुदतीपुरते ते दुसऱ्याला देऊ नये.

नकाराचे पत्र बहुधा दोन ओळींचे असते आणि त्यात कारण नसते. ‘आमच्या प्रकाशन-योजनेत बसत नाही’ या वाक्यातून दर्जाविषयी काही अर्थ काढू नये. कोणी सविस्तर कारणे लिहून नकार दिला असेल तर मात्र ते पत्र जपून ठेवावे, आभार मानावेत आणि पुढच्या ठिकाणी पाठवण्यापूर्वी ती कारणे शांतपणे तपासावीत. फुकट मिळालेले ते संस्करण असते.

सहावी पायरी : करार

होकार आला की पुष्कळ लेखक भारावून जातात आणि ‘कागदपत्रांचे काय ते तुम्हीच पाहा’ म्हणतात. मराठीत पुष्कळ व्यवहार वर्षानुवर्षे शब्दावर चालत आले आहेत आणि त्यांतले पुष्कळ नीटही चालले आहेत. तरीही कायद्याप्रमाणे प्रताधिकाराचे हस्तांतर लेखी आणि सहीचे असल्याशिवाय वैध ठरत नाही, हे लक्षात ठेवून निदान एक पत्र तरी करून घ्यावे. तोंडी बोलण्याचा वाद झाला तर त्यात लेखकाचा फायदा होत नाही आणि प्रकाशकाचाही होत नाही.

करारात पहिल्यांदा पाहायची गोष्ट ही की, आपण नेमके काय देत आहोत. ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द असतील तर तेथेच थांबावे. छापील पुस्तकाचा हक्क, ईपुस्तकाचा, श्राव्य पुस्तकाचा, अनुवादाचा आणि नाटक, चित्रपट किंवा मालिका करण्याचा हक्क हे सगळे वेगवेगळे देता येतात. पहिल्या कादंबरीसाठी छापील आवृत्तीचा हक्क ठरावीक वर्षांसाठी किंवा ठरावीक प्रतींसाठी द्यावा आणि बाकीचे स्वतःकडे ठेवावेत. प्रकाशक स्वतः ईपुस्तक काढणार असेल आणि त्यावर वेगळे मानधन देणार असेल तर तेवढा आणखी द्यावा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो, मात्र करारात वेगळे काही म्हटले नसेल तरच. म्हणून ‘सही झाल्यापासून इतक्या महिन्यांत पुस्तक काढू’ या अटीने ती एका वर्षाची मुदत वाढवलेली नाही ना, हे पाहावे.

मानधनाचा दर साधारण १० ते १५ टक्के असतो. तो छापील किमतीवर आहे की प्रकाशकाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या रकमेवर, यात जवळजवळ दुपटीचा फरक पडू शकतो, कारण विक्रेत्याची आणि वितरकाची सूट चाळीस टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशेब मिळेल, लेखकाला अमुक प्रती भेट मिळतील, आवृत्ती संपून ठरावीक काळ पुनर्मुद्रण झाले नाही तर हक्क परत येतील, या तीन ओळी करारात असाव्यात. मजकुरात बदल करायचा असल्यास लेखकाला विचारले जाईल, अशीही एक ओळ घालावी. आपल्या लेखनाची मोडतोड होऊ न देण्याचा आणि त्यावर आपले नाव राखण्याचा लेखकाचा विशेष हक्क कायद्याने मानलेला आहे आणि तो प्रताधिकार विकल्यानंतरही लेखकाकडे राहतो.

प्रकाशकाने पैसे मागितले तर? ‘सहयोगी प्रकाशन’, ‘लेखक-सहभाग’ अशा नावांनी चालणाऱ्या या व्यवहाराला सरसकट लबाडी म्हणता येणार नाही, परंतु त्यात प्रकाशकाचा नफा पुस्तक विकल्यावर नव्हे, तर छापल्यावर ठरतो आणि म्हणून विक्रीत त्याला रस उरत नाही. पैसे देण्यापूर्वी किती प्रती छापल्या जातील, छापखान्याचे बिल पाहायला मिळेल का, उरलेल्या प्रती कोणाच्या मालकीच्या आणि आधी निघालेली अशी पुस्तके कोणत्या दुकानांत आज मिळतात, हे विचारावे. ‘दोनशे प्रती लेखकाने विकत घ्याव्यात’ ही अट म्हणजेही पैसे मागणेच होय, फक्त ते पुस्तकांच्या रूपाने मागितलेले असतात.

सातवी पायरी : स्वतः छापायचे ठरवल्यास

स्वतः छापणे म्हणजे काही महिन्यांसाठी लहानसा प्रकाशक होणे. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर सुमारे ३०० शब्द बसतात, त्यामुळे ६०,००० शब्दांची कादंबरी २०० पानांच्या आसपास होते. सोळा पानांचा एक फर्मा (एकत्र छापला जाणारा पानांचा गट) या हिशेबाने ते साडेबारा फर्मे झाले. पानांची संख्या फर्म्याच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही, म्हणून मांडणी करणाऱ्याशी छपाईपूर्वीच हे बोलावे. मुद्रितांचे निदान दोन वेळा शोधन करावे आणि त्यातले एक तरी लेखकाखेरीज दुसऱ्या कोणी करावे, कारण आपले वाक्य वाचताना लेखकाला छापलेले अक्षर दिसत नाही, मनातले दिसते.

आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची जगभर ओळख पटवणारा क्रमांक, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते आणि लेखकही स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करू शकतो. तो विकत देणाऱ्यांपासून दूर राहावे. छापील पुस्तक आणि ईपुस्तक यांना वेगवेगळा क्रमांक लागतो. पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरवून दिलेली तीन ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत पाठवणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे आणि स्वतः छापणारा लेखक हाच येथे प्रकाशक असतो.

किती प्रती छापाव्यात, याचे उत्तर आपण स्वतः, हाताने, नावे लिहून किती प्रती देऊ किंवा विकू शकतो, यावर ठरवावे. मागणीप्रमाणे छपाईत प्रत महाग पडते, पण पन्नास प्रतींपासून सुरुवात करता येते आणि चूक सापडली तर पुढच्या छपाईत सुधारता येते. ऑफसेटवर पाचशे प्रती छापल्या तर प्रत स्वस्त पडते, मात्र त्या ठेवायला कोरडी जागा लागते आणि पलंगाखालचे गठ्ठे वर्षानुवर्षे लेखकाकडे पाहत राहतात. किंमत ठरवताना विक्रेत्याची सूट, टपालखर्च आणि भेट द्यायच्या प्रती धरल्या नाहीत, तर प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे तोटा होतो. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये हजारोंनी आहेत आणि मराठी पुस्तकांचा तो मोठा ग्राहक आहे, परंतु तेथपर्यंत एकट्या लेखकाने पोचणे अवघड असते. आपल्या जिल्ह्यातल्या चांगल्या ग्रंथालयांची यादी करून ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटावे आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात एखाद्या प्रकाशकाच्या दालनात आपल्या प्रती ठेवता येतात का, ते विचारावे.

आठवी पायरी : पडद्यावर आणि कानावर

प्रतिलिपीसारख्या ॲपवर क्रमशः प्रसिद्धी केली तर वाचक लगेच मिळतात आणि प्रत्येक प्रकरणाखाली त्यांचे म्हणणे वाचायला मिळते. उत्कंठेवर चालणाऱ्या, प्रकरणागणिक वळण घेणाऱ्या कादंबरीला ही जागा मानवते. संथ, अंतर्मुख कादंबरी तेथे हरवून जाते. बुकगंगावर मराठी ईपुस्तके विकली जातात, ई-साहित्य प्रतिष्ठान ती विनामूल्य वाचकांपर्यंत नेते आणि स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे श्राव्य कादंबरीचा श्रोता तयार झाला आहे. परदेशातल्या मराठी वाचकाला छापील प्रत पोचवण्यासाठी लागणारा टपालखर्च पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त होतो, त्यामुळे त्याच्यासाठी ईपुस्तक हाच व्यवहार्य मार्ग आहे. प्रकाशकाचा विचार अजून मनात असेल तर मात्र संपूर्ण कादंबरी कोठेही चढवू नये. पहिली दोन प्रकरणे पुरेत.

आणि प्रकाशित करायची नसल्यास

सगळे करून पाहिल्यावर किंवा काहीही न करता, ही कादंबरी छापू नये, असा निर्णयही घेता येतो. ज्यांच्यावर लिहिले ती माणसे हयात असतात, किंवा ती लिहिताना जे शिकलो ते दुसऱ्या कादंबरीत अधिक चांगले उतरेल, असे वाटू लागते. ही कारणे पुरेशी आहेत. मात्र तसे ठरवले तरी हस्तलिखिताची व्यवस्था लावावी. शेवटची, दुरुस्त केलेली प्रत कोणती, हे तिच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावे, जुने खर्डे वेगळे बांधावेत, एक छापील प्रत घरात आणि फाइल निदान दोन ठिकाणी ठेवावी. आपल्या पश्चात ती छापावी की छापू नये आणि तो निर्णय कोणी घ्यावा, हेही लिहून ठेवावे. प्रताधिकार कायद्यात याविषयी दोन तरतुदी आहेत. मृत्युपत्राने एखाद्याला अप्रकाशित हस्तलिखित दिले, तर वेगळा हेतू नोंदवलेला नसल्यास त्याचा प्रताधिकारही त्याच माणसाकडे जातो. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रकाशित झालेल्या पुस्तकाच्या बाबतीत ६० वर्षांची मोजणी मृत्यूपासून होत नाही, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून होते. तेव्हा हस्तलिखिताचे कागद कोणाकडे जावेत, हे घरातल्या बाकीच्या वस्तूंपासून वेगळे ठरवावे आणि मृत्युपत्रात घर, शेत, दागिने यांच्या खाली त्या हस्तलिखिताची नावानिशी एक ओळ घालावी.